ओळख पटेपर्यंत

“माझा माइक चालत नाही. तुम्ही बोला, मी लिहितो,” असं टाइप करून त्याने माइक बंदच आहे ना, हे पुन्हा पाहिलं.

“बरं,” लॅपटॉपमधून बाईचा आवाज आला. “मुक्याने शिकलास तरी चालेल. आधी ईमेल उघडू.”

ही ताई. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, प्रकल्पातले सगळे ताईच म्हणत. अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम देशोदेशीची माणसं आपापली नोकरी सांभाळून, फुकट लिहीत होती. नव्या माणसाला खाती उघडून देणं ताईकडे होतं. एरवी ती सगळं लिहूनच सांगायची, पण त्याने दोनदा चुकवल्यावर बोलायला तयार झाली होती.

त्याला या प्रकल्पात शिरायचंच होतं. वर्षभर त्याने त्यासाठी रक्त आटवलं होतं, वेबसाइटवरच्या अर्जातून दुरुस्त्या पाठवल्या होत्या, त्या पसंत पडल्या होत्या. आता आपण खरे कोण हे ताईला कळलं तर सगळं मुसळ केरात, ही त्याला भीती होती.

आई मघाशी फडकं घेऊन आली होती. “भिंतीवरच्या बटणांवरच्या त्या चिठ्ठ्या खरवडून टाकू का रे? किती कळकट झाल्यात.”

“राहू दे,” तो खेकसला होता.

“प्रकल्पाचा पत्ता तुझ्या नावाने होईल,” ताई सांगत होती. “तिथं आलेली पत्रं तुझ्या रोजच्या ईमेलवर येतील. आणि पासवर्डला वाढदिवस लावलास तर कान पिरगाळीन.”

त्याला हसू आलं नाही. त्याने मामेभावाचं नाव टाकलं. त्या नावाने उघडलेला ईमेल टाकला.

“आता चाचणीचं खातं. माझ्याकडे सगळी पक्ष्यांच्या नावाची असतात. वेड आहे म्हण माझं. तुला कुठलं देऊ?”

त्याची बोटं थबकली. मग त्याने लिहिलं, “साळुंकी.”

“ती कधीच गेली. तू खंड्या हो.”

आई बैठकीत उभी राहून आतल्या खोलीच्या कडीला तेल घालत होती. ताईचा आवाज कानावर पडला तशी ती वळली. ती काही बोलणार, तोच त्याने ओठांवर बोट ठेवलं. माइक बंद होता, तरी त्याने तो पुन्हा तपासला.

“हीच का?” आईने नुसते ओठ हलवले.

त्याने मान डोलावली. आई तिथेच खुर्चीत टेकली आणि पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली.

“एक छोटी दुरुस्ती आता थेट तुझ्या संगणकावरून पाठव,” ताई म्हणाली. “बघू दार उघडतंय का.”

तो बटण दाबणारच होता, तेवढ्यात नजर खालच्या ओळीकडे गेली. दुरुस्ती कुणी केली, त्या जागी त्याचं खरं नाव होतं, आडनावासकट. जुन्या नोकरीसाठी या लॅपटॉपवर घालून ठेवलेलं नाव संगणकाने आपणहून चिकटवलं होतं. एकदा पाठवलं की ते पुसता आलं नसतं, त्याची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर गेली असती.

“कुठं अडलास?”

“नेट हळू आहे,” त्याने लिहिलं. नाव बदललं, एकेक अक्षर तपासलं, मगच पाठवलं.

“पोचली. शाब्बास. आता राहिली सही. तुझी डिजिटल सही मान्य व्हायची तर आमच्यापैकी एकाने तुला समोर बसवून ओळखपत्र बघायचं, असा नियम आहे. कुठं राहतोस तू?”

नियमावलीतलं हे वाक्य त्याने इतक्यांदा वाचलं होतं की तोंडपाठ झालं होतं. त्याने तळवे पँटला पुसले.

“ताई, खरं सांगतो. मी गाव कुणालाच सांगत नाही. घर सोडून आलोय. कुणीतरी शोधत येईल याची भीती वाटते. ज्याला त्याला भेटायची हिंमत नाही माझी. तुम्हीच भेटाल का?”

आपण जास्त लिहिलं, असं वाटून त्याने पुढचं वाक्य टाइप करून खोडलं.

“कळतं मला,” ताई म्हणाली. आवाज खाली आला होता. “दारावरची बेल वाजली की पाय लटपटतात. मीसुद्धा कुणाला भेटत नाही. हे काम मी नेहमी दुसऱ्यावर ढकलते. पण तुला नाही ढकलणार. तू इकडेच ये.”

तिने गावाचं नाव सांगितलं. नदीकाठचं वाचनालय, तळघरातला संगणकाचा कक्ष. “शनिवारी संध्याकाळी ये. खाली मी एकटीच असते. कुणाला काही कळणार नाही.”

“उपकार झाले, ताई.”

“उपकार कसले? घाबरलेल्याने घाबरलेल्याला हात द्यायचा. पण समोर आलास की तोंड उघडावं लागेल हं.”

आवाज बंद झाला. त्याने लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ हात त्यावरच ठेवला. बैठकीत अंधारून आलं होतं.

तो उठून भिंतीवरच्या दिव्यांच्या बटणांपाशी गेला. प्रत्येक बटणावर वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती. टिटवी. खंड्या. त्याने ‘साळुंकी’ लिहिलेलं बटण दाबलं, तसा आतल्या खोलीतला दिवा लागला.

“कडी लागते ना आता बाहेरून?” त्याने विचारलं.

“लागते की.”

“मग खोली झाडून घे, आई. शनिवारी तुझी सून घरी येतेय.”