फ्यूजच्या जागी तार

“बाबा, माजे पाय भाजतत,” मागच्या सीटवरून अवनी म्हणाली.

देवेशने गाण्याचा आवाज थोडा कमी केला. गाडी अंगणात चालूच होती. स्वप्ना आवरून बाहेर आली की तिघांना कुणकेश्वरला निघायचं होतं. वीस मिनिटं झाली, बापलेक मोठ्या आवाजात गाणी ऐकत बसले होते. उन्हाचा चटका लागला असेल, असं त्याला वाटलं. पण गाडी फणसाच्या सावलीत उभी होती.

तो उतरला आणि मागचं दार उघडलं. अवनीने चपला काढून पाय खालच्या मॅटवर टेकवले होते. तिची एक टाच लाल झाली होती. त्याने मॅटवर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग तिला उचलून बाहेर आणलं.

मॅट ओढली तर ती सुटेना. खालची लाल वायर वितळून तिला चिकटली होती. जोर लावल्यावर वायरचं आवरण मॅटबरोबर सोलून आलं आणि आतलं तांबं उघडं पडलं.

देवेशने गाडी बंद केली, बॉनेट उघडलं, पान्याने बॅटरीची जोडणी सोडवली.

देवेश बँकेत कारकून होता. गाडीचं हे काम तो फोनवर व्हिडिओ बघून शिकला होता. चौदा वर्षांच्या जुन्या गाडीत त्याने नवा टेप बसवला, डिकीत मोठा स्पीकर ठेवला आणि त्यासाठी बॅटरीपासून थेट वायर ओढली. घराच्या वायरिंगची उरलेली वायर होती, तीच वापरली. आवाज वाढवला की फ्यूज उडायचा. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. त्यानंतर काही उडालं नाही.

स्वप्ना बाहेर आली. अवनीला नळाखाली उभी करून तिने टाचेवर पाणी सोडलं, वायरकडे एकदा बघितलं. ती चिडली नाही. तिने फक्त विचारलं, “गणपतकाकांच्या गाडयेक पण तुमीच केलात ना ह्या?”

देवेशने होकारार्थी मान हलवली.

गणपतकाका तीन घरं पलीकडचे. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. देवेशच्या गाडीतला आवाज ऐकून त्यांना हौस आली, आणि गेल्या रविवारी त्याने त्यांच्याही जुन्या गाडीत तसाच स्पीकर बसवून दिला होता. वायर त्याच गुंडाळीतली. तिथेही फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा उडू द्यायचा नाही म्हणून देवेशने तिथेही तार पिळली आणि काकांना सांगितलं, आता कधी बंद पडणार नाही.

आज सकाळी आठ वाजता काका कोल्हापूरला निघाले होते. लेक शर्मिला बाळंतपणाला आली होती, तिला सासरी सोडायला. सोबत सुभद्राकाकू आणि तीन महिन्यांचं बाळ. मागच्या सीटवर बाळाची दुपटी देवेशनेच नेऊन ठेवली होती.

“फोन करा,” स्वप्ना म्हणाली.

त्याने फोन काढला, पण लगेच लावला नाही. चूक आपली आहे हे न सांगता गाडी थांबवायला कसं सांगावं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता. नळाखाली अवनीच्या टाचेवर फोड यायला लागला होता. ते बघून त्याने नंबर लावला.

“बोल रे देवेश,” काकांनी लगेच उचलला. “तुझो आवाज बघ कसो येता, बाजूक बसल्यासारखो.”

फोन गाडीतल्या त्याच स्पीकरवर लागला होता. देवेशने कुठपर्यंत पोचलात, असं विचारलं. फोंडा मागे पडला, आता घाट चढतोय, असं काका म्हणाले. काकूंचा डोळा लागला होता, शर्मिला जागी होती. मग ते हसले.

“मगाशीपासून जळको वास येता. वरसून ट्रक उतरतत, तेंच्या ब्रेकांचो. ह्या शर्मिला घाबरता. तिका म्हटलंय, तीस वर्सां ह्या घाटात गाडी चालवलंय, माका वास शिकव नको.”

जरा वेळ टेप बंद ठेवा, एवढंच देवेश म्हणाला.

“नको रे बाबा,” काका म्हणाले. “तुझो फोन इलो नि गाणा थांबला. गाणा थांबला की पोर उठता. बघ, चुळबुळूक लागला. ठेवतंय हां.”

“खरां काय ता सांगा तेंका,” स्वप्ना म्हणाली.

“काका, गाडी थांबवा,” देवेश ओरडला. “पोराक घेवन सगळे भायर पडा. तेच्यात फ्यूज नाय. मीच काढलंय तो.”

त्याने फोन कानावरून खाली घेतला.

“ऐकल्यानी असतला ना?” त्याने स्वप्नाला विचारलं.

स्वप्ना फोनच्या स्क्रीनकडे बघत होती. “तुमी ओरडलात तेच्या आधीच तेंनी फोन ठेवलो,” ती म्हणाली.

त्याने परत लावला. फोन संपर्कक्षेत्राबाहेर होता. शर्मिलाचा लावला, तोही लागला नाही. काकूंकडे फोन नव्हता. अवनीने नळ बंद केला आणि ओल्या पायाने लंगडत ती आईजवळ येऊन उभी राहिली.

देवेशने पुन्हा काकांचा नंबर दाबला आणि फोन कानाला लावला. रिंग जायची त्याने वाट बघितली नाही. “काका, गाडी थांबवा,” तो बोलायलाच लागला. “आधी पोराक भायर काढा. मागे, मॅटीखाली वायर बघा.” एकेक शब्द तो सावकाश, स्पष्ट म्हणत राहिला.