पन्नासच्या खाली

मे महिन्यातल्या त्या दुपारी वीज ग्रिडची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून घसरायला लागली. पनवेलच्या सबस्टेशनमध्ये ड्यूटीवर असलेल्या हरेशला वरून फोन आला, "लोड लगेच कमी करा, नाहीतर सगळं राज्य अंधारात जाईल." यादीतला पहिलाच फीडर, म्हणजे वस्तीला वीज पुरवणारी लाइन, त्याच्या घराकडचा होता. त्याने तो बंद केला.

दोन मिनिटांत आईचा फोन. "हरेश, लिफ्टमदी अडकलीय रं मी. काय दिसत नाय, जीव घाबरतंय."

त्याचा हात स्विचकडे गेला. पण मीटरवरचा आकडा अजून सावरला नव्हता. त्याने हात मागे घेतला.

"आये, खाली बस. दार वाजवत रा, वॉचमन येल," एवढंच तो म्हणाला, आणि फोन कानाला लावून तिचं रडणं ऐकत राहिला. सोळा मिनिटांनी परवानगी आली, तेव्हा कुठे त्याला फीडर चालू करता आला.

संध्याकाळी तो घरी पोचला, तर आई शेजारणींना कौतुकाने सांगत होती,

"कोन्या मेल्यानं लाईट घालवली म्हाईत नाय, पन माज्या पोरानंच ती परत आनली!"