उजवीकडची सीट

विमानात शिकणारा डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे. हेमांगीची उमेदीची सगळी वर्षं त्या उजव्या सीटवर गेली. धावपट्टीभोवती त्याच त्या घिरट्या, आणि शेजारी घामाघूम झालेलं कुणीतरी नवं. म्हणून डोंगरातल्या गावांना औषधं पोचवणारी हौशी वैमानिकांची संघटना निघाली, तेव्हा नवऱ्याचं "फुकटची हमाली कशाला?" कानाआड करून ती तडक तिथे गेली. एकदा तरी डावीकडे बसून त्या डोंगरापलीकडे जायचं होतं.

संघटनेच्या बर्वेकाकांनी हातच जोडले. "अगदी देवासारख्या आलात, बाई! विमान उडवायला उतावीळ झालेले ढीगभर आहेत. शिकवणारं कुणी नाही हो."

तिला नाही म्हणवेना.

आज औषधांचे खोके घेऊन पहिलं विमान निघालं. डाव्या सीटवर तिचाच जुना विद्यार्थी होता. ते डोंगराआड होईपर्यंत हेमांगी दुसऱ्या विमानाच्या उजव्या सीटवरून बघत राहिली.

"मॅडम, आपण कधी जायचं तिकडे?" शेजारी शिकणाऱ्या तरुणीनं विचारलं.

"समोर बघ," ती म्हणाली. "धावपट्टी संपली की डावीकडे वळ. मग परत डावीकडे. मग परत."