थंडाईतल्या गोळ्या

"दिवसाला पाच?" वर्षाराणी ओरडलीच. "राजवीर, सेलेनियम हाय ते, शेंगदाणं न्हवं! दिवसाला एकच, असं नागपंचमीला आलते तवा सगळ्यांसमोर सांगितलंतं की न्हाय?"

राजवीरनं दंड फुगवून दाखवला. "ते साध्या माणसाला. म्या पैलवान हाय."

ताई पुण्यात आहारशास्त्र शिकून दवाखान्यात लागल्यापासून घरात कुणाला सुखानं घास गिळता येत नव्हता. आता भाऊबीजेला आली, तर ओवाळायच्या आधी गोळ्यांची डबी हातात घेऊन उभी! राजवीरला तर रविवारच्या कुस्तीपलीकडे काही दिसत नव्हतं. खासबागेत गारगोटीच्या सयाजीशी त्याची जोड लागली होती. सगळी गल्ली पेटली होती. वस्ताद हंबीरराव आत्तापासूनच फेटा बांधून फिरत होते.

"देतंय कोण तुला एवढ्या?"

"आक्का. रोज पाच काढून ठेवतो, ती थंडाईत वाटून देती."

आक्का, म्हणजे त्यांची आई, गोठ्यात धार काढत होती. ताईनं आवाज खाली आणला.

"हे चिमूटभर लागतंय, म्हणून मूठभर चालत न्हाय. अंगात साठलं की तोंडाला लसणावानी वास मारतोय, आधी केस आन् नखं जात्यात, मग हातापायाला मुंग्या येत्यात. तसल्या हातांनी सयाजीला धरणार व्हय? आ कर बघू." तिनं त्याच्या तोंडाचा वासही घेऊन बघितला.

राजवीर हसला. त्याचं रक्त तपासणीसाठी पुण्याला गेलं, ताईनं रजा वाढवली. वस्तादांनी सरळ सांगितलं, "रक्तात खोट निघाली तर कुस्ती रद्द. पोरगं मारायचं न्हाय मला."

घरात सगळ्यांच्या जिवाची घालमेल. निवांत होती ती फक्त आक्का. "काय बी हुईत न्हाय त्याला," एवढंच म्हणायची आणि डोईवरचा पदर घट्ट ओढून थंडाईला बसायची. पूर्वी भिजलेला बदाम ती नखानं चुटकीसरशी सोलायची. अलीकडे फडक्यात धरून चोळायची. वय झालं बिचारीचं, असं राजवीरला वाटायचं. त्यात तिचा चातुर्मास, कांदा-लसूण घरातून हद्दपार. बिनलसणाची आमटी ओरपत तो मनातल्या मनात सयाजीला चितपट करत होता.

शनिवारी फोन वाजला. ताईनं ऐकलं, परत विचारलं, आणि रिसीव्हर हातात धरूनच किंचाळली, "बरोबर हाय! सगळं बरोबर हाय!"

राजवीरनं उडीच मारली. वस्तादांनी दारातूनच आरोळी ठोकली, तालमीतली पोरं हलगी घेऊन धावली. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी पावण्यालाही कुणीतरी गूळ भरवला. राजवीरला आभाळ ठेंगणं झालं.

"बघितलंस न्हवं ताई? पाच खाऊन पचवल्या!"

"तेच तर कळंना मला. रोज एक खाणाऱ्याचं असावं तेवढंच निघालंय बघ." ताई हसत आक्काकडे धावली आणि तिच्या गळ्यात पडली.

आणि तशीच थांबली.

"आक्का, चातुर्मासात लसूण खाल्लीस?"

"लसूण? न्हाय की बाई."

दारात हलगी कडाडत होती. ताईनं आक्काचा हात उजेडात धरला. नखं पापुद्र्यासारखी सुटत होती. धक्क्यानं पदर सरकला, तर भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती.

"आक्का," ताईनं हात न सोडताच विचारलं, "थंडाईत किती घालत हुतीस?"

"तू सांगितलंस तशी एकच की." आक्का लेकाकडे बघून कौतुकानं हसली. "उरलेल्या चार टाकून कशा द्यायच्या बाई? त्या म्याच गिळत हुते रोज."