मागचा डावा खांदा

तिरडीला खांदे चार लागतात. त्या संध्याकाळी गल्लीत पुरुष तीनच होते: रमेशकाका, विनायक आणि नुकताच बी.एस्सी. झालेला अरविंद. बाकीचे मिलमध्ये, दुसऱ्या पाळीला.

"दिवस बुडायच्या आत न्या रे," नवऱ्याच्या तिरडीशी बसलेली गोदाबाई म्हणाली. "यांनी कोणालाच रात्रभर पडू दिलं नाही."

खरंच होतं. मिलमधून निवृत्त झाल्यापासून भिकननाना गल्लीतल्या प्रत्येक मयताला जायचे आणि मागचा डावा खांदा कायम त्यांचाच असायचा. आताही सवयीने तिघं आपापल्या कोपऱ्याशी उभे राहिले आणि तेवढा कोपरा रिकामा राहिला.

"त्या कोपऱ्याचा माणूस तर वर निजलाय," विनायक पुटपुटला.

"उचला हो, रस्त्यात लागेल कोणी ना कोणी," रमेशकाका म्हणाले.

मडकं धरून गोदाबाई स्वतःच पुढे निघाली. मागे उजवीकडे असलेल्या अरविंदला तिरडीपलीकडचं दिसत नव्हतं, पण मागची डावी बाजू अलगद वर आली. आलं कोणीतरी, म्हणून त्याला हायसं वाटलं. तापीच्या वाटेवर तिरडी एकदाही कलली नाही.

विसाव्याला खांदे बदलण्यासाठी ती खाली ठेवली. तिरडीखालून तिघेच बाहेर आले.