अल्युमिनियमची टाकी

नांदेडहून लातूरला मुलीकडे जाताना माझी जुनी गाडी चाकूरजवळ हमखास तापायची. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तडकली होती, त्यामुळे पाणी वाटेतच गळून जायचं. मग इंजीन निवेपर्यंत मलप्पाच्या हॉटेलासमोर थांबावं लागे. मलप्पा टाकीत पाणी भरायचा, चहा आणायचा आणि समोर बसून बोलायचा. "गुरुजी, गाडी तरी बदला, न्हाईतर हाटेलात भागीदार तरी व्हा," म्हणायचा. मला कुणाशी आपणहून बोलायला जमत नाही. थांबायला काहीतरी कारण लागतं.

परवा मिस्त्री म्हणाला, "काका, अल्युमिनियमची टाकी टाकून देतो. मग कुठंच थांबायचं काम न्हाई, थेट लातूर!" मला नको म्हणता आलं नाही, आणि त्याने ती बसवूनही टाकली.

आज चाकूर आलं, तरी तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडून नुसताच उभा राहिलो.

मलप्पा बादली घेऊन आला. "आज पन तापली का, गुरुजी?"

"हो," मी खाली बघत म्हणालो.

त्याने वाकून आत पाहिलं. नवी कोरी टाकी उन्हात चकाकत होती. मग त्याने बादली खाली ठेवली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"लईच तापलीय की हो," तो म्हणाला. "आज तासभर तरी बसावं लागंल बघा."