पंगतीचा सूड

रशियाचा माणूस पृथ्वीभोवती फेरी मारून आला, त्याच वर्षी भीमाचार्यांच्या मुलाच्या मुंजीत सुधींद्रला पहिल्या पंगतीतून उठवलं गेलं. कोणी बडे साहेब आले म्हणून खुद्द भीमाचार्यांनी, सख्ख्या मेहुण्यानं, वाढलेल्या पानावरून उठवलं.

तेव्हापासून सुधींद्र शिवाजीनगरच्या बिऱ्हाडात दातओठ खात एक विज्ञानकथा लिहीत होता. रविवारी सकाळी त्यानं ती बायकोला वाचून दाखवली. भीमाचार्य नावाचा एक गर्विष्ठ गृहस्थ जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळणाऱ्या यानातून सफर करून येतो. त्याचं वय एका वर्षानं वाढतं, पण इथं पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात.

"त्याला ओळखणारं एक माणूस शिल्लक नाही," सुधींद्र म्हणाला. "आता कोण त्याचं पान वाढतंय बघू."

वसुमती फोडणीकडे बघत होती. भाऊ तिचा, तेव्हा ती चिडणार हे त्यानं धरलंच होतं.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. "शंभर वर्षांनी आपण दोघं नसणार."

"नसणार."

"पण आपली पतवंडं असतील. आमचा अण्णा नातं सांगत त्यांच्या दारात येणार. आणि घरात सगळ्यांत वडील कोण, तर तोच. म्हणजे तुमच्या श्राद्धाला पहिल्या पंगतीत पहिलं पान त्याचं."

सुधींद्रच्या हातातले कागद मांडीवर आले.

वसुमतीनं कढईवर झाकण आदळलं.

"त्याला परत आणूच नका. वाटेतच पेट्रोल संपवा."